तिसऱ्या महिन्यातच दवाखाना गाठा



घरात सून गरोदर असली की तीन महिने होईस्तोवर कुणाला सांगायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. तिला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पण दवाखान्यालाही सांगायचं नाही, असा तिचा अर्थ झाला तर घात होतो. तो कसा, हे येथे थोडक्यात देत आहोत.

वीस आठवड्यांनंतर काही गर्भवतींचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, किंवा मूत्रपिंड, यकृत यांना इजा पोचते. या आजाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंड-हातांवर एकाएकी सूज ही त्याची लक्षणे. पुष्कळदा काहीच जाणवत नाही. पुढे झटके आले तर आई आणि मूल दोघांच्याही जिवावर बेतते.

आजार उशिरा दिसला तरी त्याचे मूळ पुष्कळदा सुरुवातीलाच असते. वार रुजताना गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात. चारी अरुंद राहिली की टोकाच्या सरीला पाणी पोचत नाही, तसे वारेला रक्त कमी पडते.

ही वार आईच्या रक्तात काही पदार्थ सोडते. पी.एल.जी.एफ. आणि पॅप-ए हे त्यांतले दोन. ११ ते १३ आठवड्यांच्या सुमारास ते कमी आढळले, तर रक्तदाब, सोनोग्राफीतला रक्तप्रवाह आणि घरची माहिती यांची जोड देऊन डॉक्टर पुढचा धोका सांगू शकतात. अर्थात हा अंदाज असतो. फडात ब्रिक्स पाहिला तरी खरा उतारा गाळपानंतरच कळतो.

या अंदाजाचा उपयोग काय? सहा देशांतल्या १३ रुग्णालयांत जास्त धोक्याच्या १७७६ गर्भवतींवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ३७ आठवड्यांपूर्वी हा आजार १.६ टक्क्यांना झाला. न घेणाऱ्यांत ४.३ टक्क्यांना. गोळी सोळा आठवड्यांच्या आत सुरू व्हावी लागते. मात्र ती डॉक्टरांनी दिली तरच घ्यायची, दुकानातून परस्पर आणायची नाही. आपल्या पुण्यातही भारती आणि गुप्ते या रुग्णालयांतल्या गर्भवतींचे रक्त ११ ते १४ आठवड्यांपासून बाळंतपणापर्यंत तपासण्याचा अभ्यास हाती घेतला गेला आहे.

ही खास तपासणी खेड्यातल्या केंद्रात होत नाही. पण रक्तदाब आणि लघवी तिथे फुकट तपासतात. पहिली खेप, जुळे, मधुमेह, आधीचा रक्तदाब, किंवा आई-बहिणीला हा त्रास झालेला असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगावे. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवावे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते, ती चुकवू नये.

तोडणी टोळीतल्या भगिनींचा तिसरा महिना गावी आणि सातवा आपल्या फडात जातो. त्यांना कोण विचारणार? आपल्या फडात कुणी गर्भवती असेल तर ९ तारखेला तिला तपासणीस पाठवावे, आणि मुकादमास सांगून त्या दिवसाचा खाडा धरू देऊ नये, अशी सर्व सभासदांना आमची आग्रहाची विनंती आहे.