नवजात बाळ दत्तक देताना घरातील मुलांशी कसे बोलावे?

आपल्या आवाक्याबाहेरील शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक कारणांमुळे बाळाचे संगोपन शक्य नसेल, तर ते कायदेशीर मार्गाने दत्तक देता येते. हा निर्णय मोठ्यांचा असतो. परंतु आईचे वाढते पोट घरातील मुलांनीही पाहिलेले असते. आई रुग्णालयातून एकटीच परतली, तर ‘बाळ कुठे आहे?’ हा प्रश्न ती विचारणारच.

कायद्याची रीत

बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार पालक जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसमोर बाळाचे समर्पण करतात. वाराणसीतही हीच रीत आहे. समितीमार्फत समुपदेशन होते व समर्पणपत्रावर सह्या होतात. त्यानंतर फेरविचारासाठी पालकांना दोन महिने मिळतात. बाळाच्या बदल्यात पैसे घेणे वा देणे हा गुन्हा आहे. मध्यस्थांपासून दूर राहावे.

केव्हा व काय सांगावे?

शक्यतो प्रसूतीपूर्वीच, आईवडिलांनी मिळून, शांत वेळी सांगावे. शब्द थोडे व खरे असावेत:

‘बाळाला रोज जी काळजी लागते, ती आत्ता आपल्याला देता येणार नाही. म्हणून त्याला दुसरे आईबाबा मिळतील. हे आम्ही मोठ्यांनी ठरवले आहे. यात तुझी काही चूक नाही.’

बाळ देवाघरी गेले, हरवले किंवा रुग्णालयातच राहिले, असे सांगू नये. खरे पुढे कळतेच. तेव्हा मुलाचा आपल्यावरील विश्वास उडतो. घरात ‘दत्तक’ आणि गल्लीत ‘गोद’ हे दोन्ही शब्द मुलांच्या कानी पडतात. त्यांचा अर्थ त्यांना आपल्याकडूनच प्रथम कळावा.

‘मलाही देऊन टाकाल का?’

ही भीती मूल बोलून दाखवीलच असे नाही. लहान मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, आईला क्षणभरही सोडत नाही. शाळकरी मुलाला वाटते, ‘मी हट्ट केला म्हणून बाळ गेले.’ किशोरवयीन मुले रागावतात किंवा अबोल होतात. ‘तू आमच्याजवळच राहणार आहेस,’ हे वारंवार सांगावे. मस्करीतही ‘त्रास दिलास तर तुलाही देऊन टाकू,’ असे म्हणू नये.

न पाळता येणारे वचन देऊ नये

वाराणसीत जन्मलेल्या राणी लक्ष्मीबाई व गंगाधरराव यांनी 1853 मध्ये नेवाळकर कुळातीलच आनंदराव यास दत्तक घेतले. तोच पुढे दामोदरराव. अशा दत्तकात दोन्ही घरे एकमेकांस ठाऊक असत. समितीमार्फत होणाऱ्या दत्तकात मात्र बाळ कोणत्या घरी गेले, हे जन्मदात्यांना कळवले जात नाही. म्हणून ‘आपण त्याला भेटायला जाऊ,’ असे सांगू नये. फेरविचाराच्या काळात ‘बाळ परत आणू या का?’ असे विचारून निर्णयाचा भारही मुलांवर टाकू नये. दुपटे किंवा चित्र पाठवायचे असल्यास समितीला आधी विचारावे.

शेजाऱ्यांनी विचारले तर मुलांनी खोटे बोलण्याची गरज नाही. ‘ही आमच्या घरातली गोष्ट आहे,’ एवढे उत्तर त्यांना शिकवावे. ही गोष्ट खासगी आहे, लाजिरवाणी नव्हे.

आईची काळजी

बाळ जवळ नसले तरी आईला दूध येते, स्तन दुखतात, रडू येते. ‘आईला बाळाची आठवण येते, म्हणून ती रडते, तिला विश्रांती हवी आहे,’ असे मुलांना सांगावे. मुलांसमोर रडू आले तर लपवू नये. मात्र आईचे सांत्वन करणे हे मुलांचे काम नव्हे. प्रसूतीनंतरची तपासणी चुकवू नये. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना दाखवावे. स्वतःला इजा करण्याचे विचार आल्यास त्याच दिवशी मदत घ्यावी.

मदतीसाठी

चाइल्ड हेल्पलाइन: 1098
टेली मानस (मानसिक आरोग्य): 14416

आपली आशाताई किंवा परिचारिकाही योग्य ठिकाणी पोहोचण्यास मदत करील. मुले हा प्रश्न पुढेही, वयाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर विचारतील. प्रत्येक वेळी तेच खरे उत्तर, त्यांच्या वयाला पेलेल इतके, द्यावे.