कबिनीच्या काठावर हत्तींच्या घरी

मुलांनी पाहिलेला पहिला हत्ती बहुतेक वेळा देवळाच्या दारात किंवा मिरवणुकीत उभा असतो. पायात साखळी, पाठीवर झूल. हाच प्राणी आपल्या कुटुंबासोबत मोकळा कसा जगतो, हे त्यांना दाखवायचं असेल तर उन्हाळ्याच्या सुटीत कर्नाटकातल्या कबिनीला जा.

म्हैसूरपासून गाडीने साधारण दोन तासांवर कबिनीचा जलाशय आहे. एका बाजूला नागरहोळे, दुसऱ्या बाजूला बंडीपूर, अशी दोन राष्ट्रीय उद्यानं त्याच्या काठांवर आहेत. मार्च ते मे या काळात आतले पाणवठे आटतात. जलाशयाचं पाणीही ओसरतं आणि गाळाच्या जमिनीवर कोवळं गवत उगवतं. मग आजूबाजूच्या जंगलांतून हत्तींचे कळप इथे उतरतात. आशियाई हत्ती इतक्या मोठ्या संख्येने एकत्र दिसतील अशा जागा जगात थोड्याच आहेत.

याच काकनकोटे परिसरात एकेकाळी ‘खेडा’ होत असे. ढोल बडवून, आरडाओरडा करून अख्खा कळप कुंपणात कोंडला जाई आणि हत्ती माणसाळवण्यासाठी नेले जात. शेवटचा खेडा १९७१ साली झाला. पुढे १९७४ मध्ये धरण पूर्ण झालं आणि जंगलाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. ज्या भागात हत्ती धरले जात, तिथेच आज ते पिल्लांसह निर्धास्त चरतात.

काय पाहाल?

कळपाची प्रमुख ही वयाने मोठी हत्तीण असते. कुठे चरायचं, कधी निघायचं हे तीच ठरवते. पिल्लं मोठ्यांच्या पायांत, मधोमध चालतात. आशियाई हत्तींमध्ये मोठे सुळे फक्त नरालाच असतात. डोळा आणि कान यांच्या मध्ये ओला, काळपट ओघळ दिसला, तर तो नर मदात आहे असं समजा. त्याच्यापासून लांबच राहायचं. हत्ती कान हलवतो ते अंग थंड ठेवण्यासाठी. पण कान फाकवून, डोकं उंच करून तो तुमच्याकडे तोंड करून थांबला, तर ‘मागे व्हा’ हा इशारा आहे.

हे मुलांना आधीच सांगा

गाडीतून केळी, ऊस किंवा चिप्स देणं हा लाड नाही. एकदा खाऊ मिळाला की हत्ती रस्त्यावर गाड्या अडवू लागतो. मग त्याला ‘उपद्रवी’ ठरवून पकडण्याची मागणी होते. आपली दोन मिनिटांची मजा त्याचं मोकळं आयुष्य संपवू शकते. रस्त्यात गाडी थांबवून सेल्फी काढणं, हॉर्न, फ्लॅश आणि आरडाओरडा हेही टाळा. हत्तीवर बसण्याचा हट्टसुद्धा नकोच, कारण पाठीवर माणसं घ्यायला त्याला साखळी आणि अंकुशाच्या धाकानेच शिकवलेलं असतं.

जाण्यापूर्वी

- सफारी सकाळी आणि दुपारी, जीप, बस किंवा बोटीतून होते. ती सुरू आहे का, हे वनविभागाकडे विचारूनच तिकिटं काढा. सुटीत आरक्षण लवकर संपतं.
- जंगलातून जाणारा म्हैसूर–मानंदवाडी रस्ता संध्याकाळी ६ ते सकाळी ६ बंद असतो. प्रवास दिवसाच आखा.
- खाकी, हिरवे किंवा मातकट रंगाचे कपडे घाला. दुर्बीण, टोपी आणि पाणी सोबत ठेवा. अत्तर, परफ्यूम घरीच राहू द्या.

कधी वीस-पंचवीस हत्ती दिसतील, कधी एकच. चालकाला ‘अजून जवळ घ्या’ असं सांगू नका. तुमची गाडी समोर असतानाही हत्तीण पिल्लासोबत शांतपणे गवत उपटत राहिली, तर पाहुणे म्हणून तुम्ही नीट वागलात असं समजा.