शिक्षण कर सगळ्यांना, सवलत शाळेच्या पावतीला

डोंगरीतल्या आमच्या घरपट्टीच्या बिलात शिक्षण कराची एक ओळ असते. १९६२च्या कायद्यानुसार महापालिका तो राज्य सरकारसाठी वसूल करते. प्राप्तिकरावरही २०१८पासून ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आहे. दोन्ही आम्ही भरतो. माझी लेक मात्र शाळेत जात नाही, घरीच शिकते.

जुन्या करप्रणालीत दोन मुलांपर्यंतच्या शिकवणी शुल्कावर वजावट मिळते. विमा, पीएफ धरून वर्षाला दीड लाखापर्यंत. पण शिक्षण पूर्णवेळ हवं आणि पैसे भारतातल्या शाळा-कॉलेजलाच भरलेले हवेत. आमची पुस्तकं, प्रयोगाचं साहित्य, गणिताच्या ताईंची फी, यातलं काहीच त्यात बसत नाही. नव्या प्रणालीत तर ही वजावटच नाही.

शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांचा परतावा सरकार खासगी शाळांना देतं. तो गरीब मुलांसाठी आहे. त्यावर आमच्यासारख्यांनी हक्क सांगू नये, असं मला मनापासून वाटतं. पण पुस्तकांच्या खर्चावर थोडी वजावट द्यायला काय हरकत आहे?

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी देता येते आणि तिथे मुलींना शुल्क कमी आहे. घरी शिकवायचं ठरवत असाल, तर वर्षाचा खर्च आधी मांडा आणि करसवलत शून्य धरा.