अनाहूत ई-मेलची गाळणी आणि वैद्याचा पत्रव्यवहार

आमच्या मनीषनगर येथील घरच्या संगणकावर रुग्णांचे ई-मेल येतात. अर्शाच्या एका रुग्णाचे रक्तस्राव वाढल्याचे पत्र मागे आठ दिवस 'जंक'च्या कप्प्यात पडून राहिले. तेव्हापासून गाळणीचा विषय आम्ही मनावर घेतला.

थंडरबर्डसारख्या प्रणालीतील गाळणी संभाव्यतेवर चालते. १८व्या शतकातील थॉमस बेझ यांच्या सिद्धांतावर आधारलेली ही रीत पॉल ग्रॅहॅम यांच्या २००२ मधील लेखानंतर विशेष रूढ झाली. एखादा शब्द नकोशा पत्रांत किती वेळा व हव्या पत्रांत किती वेळा आला, यावरून ती निर्णय करते. आपली अडचण नेमकी येथेच आहे. वजन घटविणे, वाजीकरण, औषधांचे दर हे शब्द भोंदू जाहिरातदारांचे, तसेच आपल्या रुग्णांचे व औषधालयांचेही! म्हणून अमुक शब्द दिसताच पत्र पुसून टाकण्याचा नियम वैद्याने कदापि करू नये.

खात्याच्या सेटिंग्जमध्ये 'जंक'ची सुविधा चालू करावी. पत्तेवहीतील व्यक्तींची पत्रे वगळण्याची सोय तेथेच असते; रुग्ण व घाऊक विक्रेते यांचे पत्ते आधी वहीत घालावेत. पुढे नकोशी पत्रे 'जंक' आणि चुकून अडकलेली 'जंक नाही' अशी दाखवीत जावे. दोन्ही बाजू शिकविल्याविना गाळणी शहाणी होत नाही. बहुतेकजण पहिलीच शिकवितात आणि मग तिला दोष देतात.

नवा रुग्ण मात्र पत्तेवहीत नसतोच. त्यासाठी तो कप्पा रोज सायंकाळी उघडून पाहावा. जीमेल वापरणाऱ्यांनीही आळस करू नये; तेथील स्पॅममधील पत्रे ३० दिवसांनी आपोआप पुसली जातात.