२३०च्या आसपास

पॉलिटेक्निकला गेलेल्या प्रत्येकानं डिमरस्टॅट पाहिलेला असतो आणि बहुतेकांनी त्याचा झटकाही खाल्लेला असतो. गोल बुटकं यंत्र, वर काळी मूठ, मुठीखाली ० ते २७० आकड्यांची चकती. मूठ फिरवू तसे बाहेर येणारे व्होल्ट कमी-जास्त होतात. प्रयोग संपला की शून्यावर आणून ठेवा, म्हणून सर ओरडायचे. तोच डिमरस्टॅट मला बदलापूर पूर्वेला एका गिटारवाल्याच्या वन बीएचकेत, गिटारच्या ॲम्प्लिफायरशेजारी जमिनीवर दिसला. संपादकांनी पाठवलं होतं घरगुती रेकॉर्डिंग स्टुडिओंवर लिहायला. माइक, लॅपटॉप, भिंतीला चिकटवलेला फोम हे आता सगळीकडे सारखंच असतं. हे यंत्र मात्र खास बदलापूरचं वाटलं, मग बाकीचं राहिलंच.

ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचा आहे. मोबाइलच्या चार्जरला १०० व्होल्ट द्या नाहीतर २४०, तो आपलं आतलं गणित जुळवून घेतो. व्हॉल्व्हच्या ॲम्पला ही अक्कल नाही. त्यातला लोखंडी ट्रान्सफॉर्मर भिंतीतून जे येईल त्याला ठरलेल्या पटीनं गुणतो आणि पुढे पाठवतो. २३० आले की फिलामेंटला ६.३ व्होल्ट आणि शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या प्लेटला, समजा, ४५०. भिंतीत २००च आले तर फिलामेंटला साडेपाच आणि प्लेटला ३९१. व्हॉल्व्ह बनवणारे फिलामेंटला साधारण १० टक्के वरखाली चालेल म्हणतात. साडेपाच त्याच्याही खाली.

कानाला काय कळतं? आवाज फारसा कमी होत नाही. ताकद चोवीस टक्क्यांनी उतरली तरी डेसिबलमध्ये तो फरक सव्वाच्या आतच. बदलतो तो स्पर्श. तार जोरात छेडली की सूर लवकर फाटतो, आघाताची धार बोथट होते, खालच्या तारा जरा सैल वाजतात. कित्येकांना हेच आवडतं. अमेरिकेत एडी व्हॅन हेलननं १९७८च्या पहिल्या अल्बमच्या काळात मार्शल ॲम्पला असाच एक डिमरस्टॅट जोडला होता. तिकडे त्याला व्हेरिॲक म्हणतात. सुरुवातीच्या मुलाखतींत तो व्होल्टेज वाढवतो असं सांगायचा, ते ऐकून पोरांनी आपापले ॲम्प जाळले. खरं तर तो १२०चे नव्वदच्या आसपास उतरवायचा. आपल्या २३०च्या हिशेबानं हे १७२ होतात. लाइनच्या टोकाच्या घराला मे महिन्यात मंडळ जे फुकट द्यायचं, त्यासाठी त्यानं यंत्र विकत घेतलं, असं म्हणायला हरकत नाही.

मंडळ म्हणजे १९६०चं राज्य वीज मंडळ. २००५ साली त्याचे तुकडे झाले आणि वाटपाचं काम महावितरणकडे आलं. १९५६च्या वीज नियमांनी घरगुती पुरवठ्याला ६ टक्क्यांची मुभा दिली होती, म्हणजे २१६ ते २४४. नियमात बसूनही आपल्या ॲम्पची प्लेट ४२३ ते ४७७ अशी हिंदकळते.

डिमरस्टॅट उघडलेला पाहायचा म्हणून उल्हासनगरच्या कॅम्पात एका मिस्त्रींकडे गेलो. स्टॅबिलायझर दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. चकती काढली की आत लोखंडाचं कडं, त्यावर तांब्याच्या तारेचा एकच थर, वेढ्याला वेढा चिकटून. वरच्या बाजूला तारेचं इनॅमल घासून तांबं उघडं केलेलं, त्या चकचकीत वाटेवरून कार्बनचा ब्रश फिरतो. ज्या वेढ्यावर ब्रश, तितके व्होल्ट बाहेर. मिस्त्रींनी एका जागी बोट ठेवलं. तिथं तांबं काळं पडलं होतं. "एकाच आकड्यावर वर्षानुवर्षं ठेवलाय," ते म्हणाले. "अधूनमधून फिरवायला पाहिजे, तेवढं कोणी करत नाही." सर्व्हो स्टॅबिलायझर म्हणजे तरी काय, मूठ फिरवायला मोटर लावलेला डिमरस्टॅटच. एवढं साधं आणि एवढं नेमकं यंत्र मी फार कमी पाहिलंय.

दोन गोष्टी मात्र त्यांनी बजावून सांगितल्या. एक, यात वेगळी सेकंडरी नाही, एकच वेढणी आहे. त्यामुळे मूठ शून्यावर असली तरी बाहेरच्या तारेत फेज असू शकतो. सर का ओरडायचे आणि तरी झटका का बसायचा, ते इतक्या वर्षांनी कळलं. दुसरं, २७० हा आकडा २४० आत आले तरच खरा. २०० आले तर मूठ शेवटपर्यंत फिरवूनही २२५ला गाडी थांबते.

बदलापूरच्या गिटारवाल्याची खरी तक्रार कमी व्होल्टेजची नाहीच. २१० असतील तर २१०, पण तिथंच राहा, एवढंच त्याचं मागणं. संध्याकाळी लोकलनं माणसं परतली की एसी सुरू होतात आणि डीपीवरचा लोड चढतो, तसं व्होल्टेज उतरतं. मध्यरात्रीनंतर तोच पुरवठा २४५च्या वर जातो. आठ वाजता वाजवलेलं धृपद आणि रात्री एकला दुरुस्त केलेली त्यातली एक ओळ, दोन्ही तीच बोटं, तोच माइक, पण जोडताना सांधा दिसतो. म्हणून प्रत्येक टेकच्या नावात तो व्होल्ट लिहितो. वाजवण्याआधी मीटर बघून मूठ हलवायची आणि २२० धरायचे. एकदा वाजवायला लागला की हात गिटारवर, मग मूठ कोण फिरवणार? तेवढ्यात सोसायटीचा पंप सुरू झाला तर प्लेटचं व्होल्टेज क्षणात पडतं, फिलामेंट मात्र सावकाश गार होत राहतं. आवाज आधी एकदा बदलतो आणि पुढची काही सेकंदं हळूहळू आणखी बदलत जातो.

फ्रिजचा साधा स्टॅबिलायझर लावून त्यानं पाहिला. तो टप्प्याटप्प्यानं चालतो. लांबवलेल्या कॉर्डच्या मध्येच रिले टक् करून बदलते आणि सूर एकदम फुगतो. स्वस्त इन्व्हर्टरची वीज चौकोनी लहरीची, तिची भुणभुण ट्रान्सफॉर्मरमधून थेट गिटारच्या पिकअपमध्ये शिरते. त्यात जुन्या ॲम्पमधले फिल्टरचे कपॅसिटर सुकलेले असले तर १०० हर्ट्झची घरघर वाजवलेल्या सुरात मिसळते आणि कोणी न वाजवलेला तिसराच बेसूर ऐकू येतो.

आणि न्यूट्रल. थ्री फेजच्या लाइनचा न्यूट्रल कुठे तुटला तर वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांत गुंततात. ज्या फेजवर लोड कमी, तिथं व्होल्टेज ३००च्याही वर चढतं. रात्री दोनला एकटा ॲम्प चालू असलेलं घर म्हणजे नेमकं तेच. त्यानं २६०ला तोडणारा कटऑफ बसवलाय. मोठे व्हॉल्व्ह गेले तर ईएल-३४ची नवी जोडी स्लोव्हाकिया, रशिया नाहीतर चीनहून येते. ट्रान्सफॉर्मर जळला तर मिस्त्री पुन्हा वेढून देतील, पण जुन्या ट्रान्सफॉर्मरचा आवाज परत येईलच याची हमी ते देत नाहीत.

मिस्त्रींच्या मते इलाज एकच, ऑनलाइन यूपीएस. तो आलेल्या विजेचं आधी डीसी करतो आणि त्यातून नवी, स्वच्छ वीज घडवतो. बाहेर काहीही होवो, २३० म्हणजे २३०. त्याचा पंखा मात्र अखंड फिरतो आणि माइकला ऐकू येतो. यूपीएस बाथरूममध्ये ठेवून दाराखालून वायर घ्यायची, असा गिटारवाल्याचा बेत आहे. मिस्त्री ओलीचं नाव काढून नको म्हणतात. त्याची आई अजून काही म्हणालेली नाही, कारण तिला अजून सांगितलेलं नाही.