व्यक्तिप्रधान चित्रपटाविषयी

व्यक्तिप्रधान चित्रपटात काहीच घडत नाही, हा समज सर्रास आढळतो. वास्तविक ज्या चित्रपटाचे कथानक (घटनांची कार्यकारणसाखळी) बाह्य योगायोगांतून नव्हे, तर पात्राच्या स्वभावातून उद्भवते, त्यालाच ही संज्ञा लागू पडते. विरजण लावलेले दूध वरून निश्चल दिसले, तरी आत पालटतच असते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’मध्ये (२०२०) शरद नेरुळकर हा गायक, साधनेत कसूर न करताही, असामान्य प्रतिभा आपल्या वाट्याला आलेली नाही या सत्याकडे वर्षानुवर्षे सरकत जातो, आणि हे सरकणे हेच तेथील नाट्य होय; व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाच्या पटकथेला मिळालेले पारितोषिक मला म्हणूनच सर्वथा उचित वाटते. उणीव मात्र आहे: सारी दृष्टी नायकावर खिळल्यामुळे त्याची आई आणि पत्नी पुसटच राहतात.