भिंत उभी राहते ती रिंगांच्या जिवावर

लोहारा हे गावाचे नाव सांगितले, की मराठवाड्याकडचा माणूस हमखास विचारतो, "भूकंपातले लोहारा काय हो?" मग सांगावे लागते, की ते लोहारा धाराशिव जिल्ह्यातले. आमचे लोहारा यवतमाळला लागून असलेले, एम.आय.डी.सी.चे. नाव एक, नशीब वेगळे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली, तेव्हा आम्ही शाळेत शिकत होतो. आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूरही त्यात जमीनदोस्त झाले. सुमारे दहा हजार माणसे झोपेतच गेली. त्यावेळच्या सरकारी नकाशात हा भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात होता. म्हणून "आपल्याकडे कुठला आला भूकंप" असे म्हणून कोणी निर्धास्त राहू नये.

तिथली घरे काही पातळ भिंतींची नव्हती. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद. पण दगडाला दगड बांधलेला नव्हता. जाडी होती, बांधणी नव्हती. हलताच भिंत फुटली आणि माळवद अंगावर आले.

हे आज आठवायचे कारण आमचा भाचा. तो पुण्याला उंच इमारतींच्या साईटवर सळई बांधायला जातो. परवा घरी आला तेव्हा म्हणाला, "मामा, तिथं कॉलमऐवजी लांबच्या लांब काँक्रीटच्या भिंती उभ्या करतात. शिअर वॉल म्हणतात. आणि रिंगेचं टोक जरा कमी वळलं की सुपरवायझर सोडत नाही. एवढ्याशा टोकानं काय होते?" आम्ही पडलो कॉमर्सचे पदवीधर, कारकुनी करणारे. पण प्रश्न मनात राहिला. जाणकारांना विचारले, वाचले, आणि जे समजले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

भूकंपात इमारतीचा पाया आडवा हलतो. वरचे मजले आपल्या वजनामुळे मागे राहतात. एस.टी.ने एकदम ब्रेक मारला की उभा प्रवासी पुढे जातो, तसेच. प्रत्येक मजल्याचा हा आडवा धक्का खाली उतरत जातो आणि तळमजल्यावर सर्वांत जास्त होतो. नुसत्या खांबांची उंच इमारत यात फार डोलते. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी अनेकींच्या तळमजल्यावर गाड्यांसाठी मोकळी जागा होती. वर भिंती, खाली नुसते खांब. खालचे खांब मोडले आणि वरचे मजले बसले.

शिअर वॉल म्हणजे पायापासून थेट वरपर्यंत गेलेली, सळईने भरलेली काँक्रीटची भिंत. लाकडी फळी आडवी ठेवून दाबली तर वाकते, तीच कडेवर उभी धरली तर वाकत नाही. भिंतीचेही तसेच आहे. ती आपल्या लांबीच्या दिशेने बळकट, आडव्या दिशेने कमजोर. म्हणून अशा भिंती दोन्ही दिशांनी लागतात, आणि इमारतीच्या दोन्ही बाजूंना सारख्या लागतात.

धक्का बसला की भिंतीची एक कड ताणली जाते, दुसरी दाबली जाते. ताण सळई सोसते. दाब काँक्रीटवर येतो, आणि खरी परीक्षा तिथेच असते. आपल्या जिनिंग-प्रेसिंगमधली रुईची गाठ आठवा. पट्ट्या घट्ट आहेत तोवर गाठीवर गाठी रचा, काही होत नाही. पट्टी तुटली की रुई बाहेर येते. भिंतीच्या कडेला जवळजवळ बांधलेल्या रिंगा म्हणजे त्या पट्ट्या. त्या फुटणाऱ्या काँक्रीटला आवळून धरतात. रिंगेचे टोक नुसते काटकोनात वळवले, तर वरचे काँक्रीट निखळताच ते उघडते. १३५ अंशांत आत वळवले, तर आतल्या काँक्रीटमध्ये रुतून राहते. भारतीय मानक १३९२० हे सांगते, आणि ते निघाले किल्लारीच्याच वर्षी, १९९३ साली. भाच्याच्या "एवढ्याशा टोका"चे उत्तर हे आहे.

याचा अनुभव जगाने घेतला आहे. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात उंच इमारती भिंतींवरच उभारतात. २७ फेब्रुवारी २०१० रोजी तिथे ८.८ तीव्रतेचा प्रचंड भूकंप झाला. बहुतेक उंच इमारती टिकल्या. पण कॉन्सेप्सियोन शहरातली पंधरा मजली नवी इमारत आडवी झाली आणि ८ माणसे गेली. इतरही काही इमारतींच्या खालच्या मजल्यांवर भिंतींच्या कडा चुरडल्या. भिंती पातळ होत्या, वजन जास्त होते आणि कडेच्या रिंगा अपुऱ्या होत्या. चिलीने २०११ साली नियम कडक केले.

न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमध्ये २२ फेब्रुवारी २०११ रोजी एक सहा मजली इमारत पडून ११५ जण मेले. तिच्या एका बाजूचा भिंतींचा गाभा मात्र उभाच राहिला! मजल्यांशी त्याची बांधणी कमकुवत होती, खांबही ठिसूळ होते. भिंत वाचली, माणसे गेली. म्हणजे एकटी भिंत कामाची नाही. मजले, खांब, पाया हे सगळे एकमेकांना धरून असले पाहिजेत.

आता हा प्रश्न आपल्या घरात आला आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत वरळीच्या बी.डी.डी. चाळींतल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींतील घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांत! पिढ्यान् पिढ्यांच्या कष्टांनंतरचे हे घर आहे. आमच्या नात्यातलेही एक कुटुंब मुंबईत चाळीतून टॉवरमध्ये गेले. स्वयंपाकघर ऐसपैस करायला मधली भिंत पाडायची ठरली होती, छन्नीवालाही बोलावला होता. शेजाऱ्याने वेळीच हटकले, की ही विटांची नाही, काँक्रीटची भिंत आहे. मुंबई-पुण्यात हल्ली अनेक इमारतींत घरातल्या बहुतेक भिंती काँक्रीटच्याच ओततात. तुमच्या घरातली ती भिंत वरच्या मजल्यांचा भार पेलते. ती तुमच्या एकट्याची नाही.

म्हणून आमचे दोनच सांगणे. टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी भिंत फोडण्यापूर्वी, ए.सी.साठी मोठे भोक पाडायचे असले तरी, सोसायटीकडून नकाशा मागवावा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी परवानगी घ्यावी. भिंतीला तडा दिसला तर रंग मारून झाकू नये, दाखवावा.

दुसरे सांगणे साईटवर राबणाऱ्या आपल्या पोरांना. काँक्रीट ओतले की आतली रिंग कोणाला दिसत नाही. ती नीट बांधली की नाही, हे बांधणाऱ्याच्या हातालाच ठाऊक असते. "चालते" असे कोणी म्हणाले तर विचारावे, कोणाच्या घरात चालते?

भाचा परत निघताना आम्ही त्याला एवढेच म्हणालो, "बापू, प्रत्येक रिंग अशी बांध, की त्या घरात तुझीच माय राहायला येणार आहे." तो हसला. पण बॅग उचलताना त्याने दोन बोटे वाकवून आम्हाला टोक कसे वळवतात ते दाखवले.